छापखान्यातला जुना पेंटियम: वापरलेले सुटे भाग शोधावेत, तपासावेत आणि जपावेत कसे

मामांच्या छापखान्यात आतल्या खोलीत पेंटियम ४ चे एक यंत्र आहे. त्यावर विंडोज एक्सपी, पानांची मांडणी करणारे पेजमेकर ७ आणि मराठी अक्षरजुळणीची एक जुनी प्रणाली चालते, आणि मागच्या पॅरलल पोर्टला (जुन्या प्रिंटरच्या जोडणीला) त्या प्रणालीचे हार्डवेअर लॉक, म्हणजे जिच्याशिवाय प्रणाली चालतच नाही अशी लहान डबी, कायमचे बसवलेले आहे. पेजमेकरची ही शेवटची आवृत्ती २००१ सालची, तर एक्सपीसाठी मिळणारी सुरक्षा दुरुस्ती ८ एप्रिल २०१४ रोजी थांबली. तरीही हे यंत्र काढून टाकता येत नाही, कारण त्या काळातील मराठी फॉन्टमध्ये प्रत्येक अक्षर कोणत्या तरी इंग्रजी अक्षराच्या किंवा चिन्हाच्या जागी बसवलेले असे. पंधरा-वीस वर्षांपूर्वीचा संस्थेचा अहवाल नव्या संगणकावर उघडला की पडद्यावर इंग्रजी अक्षरांचा चिवडा दिसतो. युनिकोडमध्ये रूपांतर करता येते, पण जोडाक्षरे आणि तक्ते पुन्हा तपासत बसावे लागते, आणि जुन्या गिऱ्हाइकाला तर तीच पावती, त्याच अक्षरात, उद्या सकाळी हवी असते.

अशी यंत्रे केवळ छापखान्यातच असतात असे नाही. औद्योगिक वसाहतींमधील लहान कारखान्यांत डॉसवर चालणारी वायरकट (तारेने धातू कापणारी) यंत्रे आहेत, ट्रकच्या वजनकाट्यांवर सिरियल पोर्टवाले संगणक आहेत, आणि लाखोंची यंत्रसामग्री एखाद्या जुन्या कार्डावर अवलंबून आहे. या सर्वांसाठी भाग घेण्याची रीत बरीचशी सारखीच आहे. मी ती मामांच्या यंत्राच्या आधारे सांगतो आणि जेथे फरक पडतो तेथे डॉसच्या यंत्राचा उल्लेख करतो.

यंत्र चालू असतानाच नोंद करावी

यंत्र बंद पडल्यावर बाजारात जाणारा माणूस महाग आणि चुकीचा भाग घेऊन येतो, म्हणून सगळी नोंद यंत्र धडधाकट असताना करून ठेवावी. कॅबिनेट उघडून मदरबोर्डाचे (पुढे नुसते बोर्ड), कार्डांचे आणि केबलींचे फोटो काढावेत. बोर्डाचे मॉडेल आणि त्याची सुधारित आवृत्ती बहुधा पीसीआय स्लॉटच्या मध्ये किंवा रॅमच्या कडेला छापलेली असते, ती अक्षरन् अक्षर उतरवून घ्यावी. बोर्डाचे मॉडेल आणि चिपसेटचे (बोर्डावरील मुख्य नियंत्रक चिपांचे) नाव यांत गल्लत करू नये, कारण इंटेलच्या ८४५ चिपसेटचे काही बोर्ड १६८ पिनांची एसडीरॅम घेतात आणि काही १८४ पिनांची डीडीआर. दुकानदाराला नुसते "८४५ ची रॅम द्या" असे सांगितले, तर तो समोर असेल ती देईल आणि त्यात त्याची चूक काढता येणार नाही.

त्यानंतर बायोसच्या, म्हणजे यंत्र सुरू होताना उघडता येणाऱ्या मूळ मांडणीच्या, प्रत्येक पानाचा फोटो घ्यावा. बोर्डावरचा सेल संपला की ही सारी मांडणी पुसली जाते, आणि मग पॅरलल पोर्ट कोणत्या मोडमध्ये होता, त्याचा पत्ता ३७८ होता की दुसरा, हे कोणालाच आठवत नाही. मामांच्या यंत्रावर एकदा नेमके हेच झाले होते. लॉक खराब झाले असे समजून आम्ही दोन दिवस हवालदिल होतो. बिघाड होता तो तीन व्होल्टच्या एका सेलचा.

तिसरे काम हार्ड डिस्कची संपूर्ण प्रतिमा घेण्याचे आहे. क्लोनझिलासारख्या मोफत साधनाने डिस्क जशीच्या तशी उतरवून दोन वेगळ्या ठिकाणी ठेवावी. डिस्क आधीच अडखळत असेल तर डीडीरेस्क्यू वापरावे, कारण ते खराब जागेवर अडून न बसता आधी वाचता येईल तेवढे वाचून घेते. हे होईपर्यंत एकही भाग विकत घेऊ नये. बोर्ड, रॅम, एसएमपीएस (वीजपुरवठ्याचा डबा) सर्व काही बाजारात मिळते. वीस वर्षांपूर्वी बसवलेली आणि जिची सीडी हरवली आहे ती प्रणाली मिळत नाही.

काय आधी बिघडते, तेच आधी घ्यावे

माझ्या अनुभवात क्रम साधारण असा आहे: सेल, पंखे, एसएमपीएस, हार्ड डिस्क, आणि मग बोर्डावरचे कॅपॅसिटर (वीज साठवणारे छोटे दंडगोल). प्रोसेसर जवळजवळ कधीच मरत नाही. तरीही लोक उत्साहाने आधी प्रोसेसर घेऊन येतात, कारण तो स्वस्त असतो आणि खिशात मावतो.

सुटे भाग गोळा करण्यापेक्षा त्याच मॉडेलचे दुसरे अख्खे यंत्र घेणे मला नेहमीच शहाणपणाचे वाटते. चालू असेल तर उत्तम, बंद असले तरी चालेल. त्यात जुळणारा बोर्ड, त्याच बोर्डाची मागची पट्टी, हीटसिंकचे क्लिप, कॅबिनेटच्या समोरच्या बटणांच्या वायरी असे सगळे एकत्र मिळते. पेंटियम ४ च्या सॉकेट ४७८ बोर्डावर हीटसिंक धरणारी प्लॅस्टिकची चौकट उष्णतेने ठिसूळ होते आणि सफाई करताना कडकन मोडते. ती चौकट सुटी मागायला गेलात तर दुकानदार तुमच्याकडे बघतच राहील. शिवाय बोर्ड तोच असल्यास एक्सपीची जुनी डिस्क सहसा विनातक्रार चालू होते. वेगळ्या चिपसेटच्या बोर्डाला ती लावली तर बहुधा सुरू होतानाच निळा पडदा येतो.

रॅम: पिना मोजाव्यात, चिपाही मोजाव्यात

एसडीरॅमला १६८ पिना आणि ३.३ व्होल्ट, डीडीआरला १८४ आणि २.५, डीडीआर-२ ला २४० आणि १.८, डीडीआर-३ लाही २४० पण १.५ व्होल्ट, अशी ही वंशावळ आहे. प्रत्येकीची खाच वेगळ्या जागी असते, त्यामुळे एक दुसरीत बसत नाही. बसत नसेल तर जोर लावू नये. मी स्लॉटचा कान मोडलेले बोर्ड पाहिले आहेत.

बसणारी रॅम चालेलच असेही नाही, आणि जुन्या मालात खरी फसगत येथेच होते. इंटेलच्या ४४०बीएक्स चिपसेटला २५६ एमबीची काडी हवी असेल तर ती दोन्ही बाजू मिळून १६ चिपांची असावी लागते. ८ मोठ्या चिपांची काडी घातली तर बोर्ड तिला निम्मीच धरतो. त्यानंतरच्या काळातील डीडीआर-३ घेणाऱ्या जी४१ बोर्डांची गोष्टही तीच आहे: ४ जीबीची १६ चिपांची काडी चालते, ८ चिपांची नवी चकचकीत काडी चालत नाही आणि "बोर्ड डिस्प्ले देत नाही" अशी तक्रार घेऊन माणूस परत येतो. ऑनलाइन बाजारात अतिशय स्वस्त दिसणाऱ्या ४ जीबीच्या डीडीआर-२ काड्या बहुतेक वेळा फक्त एएमडीच्या बोर्डांवर चालणाऱ्या असतात. वर्णनाच्या शेवटच्या ओळीत तसे लिहिलेलेही असते. एका बाजूला ८ ऐवजी ९ चिपा दिसल्या तर ती सर्व्हरमधून काढलेली असण्याचा संभव असतो. त्यातली रजिस्टर्ड प्रकारची रॅम साध्या बोर्डावर चालत नाही.

घेतलेल्या काडीचे सोनेरी पाय पांढऱ्या खोडरबराने हलक्या हाताने पुसावेत, भुगा झटकावा आणि मेमटेस्ट८६+ हे रॅम तपासणारे साधन रात्रभर चालू ठेवावे. एकही चूक दिसली तर काडी परत करावी. "एखादी चूक चालते" हा दुकानदाराचा युक्तिवाद मान्य करू नये, कारण छापखान्यात त्या एका चुकीतून बिघडलेली फाइल निघते.

एसएमपीएस वापरलेला घेऊ नये

या एकाच भागाबाबत माझा आग्रह आहे की शक्यतो नवा घ्यावा. मात्र कोणताही नवा चालेल असे नाही. पेंटियम ३ आणि त्या काळातील एएमडीचे अनेक बोर्ड आपली बरीचशी वीज ५ व्होल्टच्या वाहिनीवरून घेतात, तर आजचे एसएमपीएस सारा जोर १२ व्होल्टवर देतात. म्हणून खोक्यावरचे मोठे वॅट न पाहता लेबलवरच्या तक्त्यात ५ व्होल्टसमोर किती अँपिअर लिहिले आहेत ते पाहावे आणि जुन्या एसएमपीएसच्या लेबलशी ताडून घ्यावे.

आयएसए कार्ड (पीसीआयच्या आधीच्या स्लॉटचे जुने कार्ड) असलेल्या यंत्रात आणखी एक पेच असतो. जुन्या एसएमपीएसला उणे ५ व्होल्टची पांढरी वायर असे. २००३ च्या सुमारास ती मानकातून गेली, आणि काही आयएसए कार्डांना तिच्यावाचून चालत नाही. कार्ड मेले असे समजून टाकून देण्यापूर्वी ही पांढरी वायर आहे का ते पाहावे. त्याहून जुन्या एटी प्रकारच्या बोर्डाला दोन वेगवेगळे कनेक्टर शेजारी शेजारी लावावे लागतात. ते लावताना दोन्हींच्या काळ्या वायरी मध्यभागी एकमेकींना लागून आल्या पाहिजेत. उलटे लावले तर बोर्ड जागच्या जागी जातो.

वापरलेलाच घेण्याची वेळ आली तर दुकानात हिरवी आणि काळी वायर जोडून तो सुरू करून पाहावा, पण त्यावर समाधान मानू नये. जोडीला एखादी जुनी डिस्क लावून, म्हणजे काही भार देऊन, मल्टिमीटरने मोजावे. ५ व्होल्टची वायर ४.७५ ते ५.२५ च्या दरम्यान आणि १२ व्होल्टची ११.४ ते १२.६ च्या दरम्यान असावी. एसएमपीएसचा डबा स्वतः उघडू नये. प्लग काढल्यावरही आतील मोठ्या कॅपॅसिटरमध्ये जीवघेणा दाब शिल्लक राहू शकतो.

बोर्ड: आधी कॅपॅसिटर पाहावेत

साधारण १९९९ ते २००७ या काळातील अनेक कंपन्यांच्या बोर्डांवर सदोष इलेक्ट्रोलाइटचे कॅपॅसिटर बसले होते. त्यांचे डोके सपाट असायला हवे. ते किंचित जरी फुगलेले असेल, किंवा वरच्या चरांतून तपकिरी चिकट द्रव आला असेल, तर तो बोर्ड आज चालत असला तरी उद्या दगा देणार. बोर्ड डोळ्यांच्या पातळीवर आडवा धरून उजेडाकडे पाहिले की फुगवटा चटकन दिसतो. असा बोर्ड घेऊच नये असे मी म्हणत नाही. दुर्मिळ असेल तर भाव पाडून घ्यावा आणि चिप-लेव्हल काम करणाऱ्या कारागिराकडून कॅपॅसिटर बदलून घ्यावेत. बदली कॅपॅसिटर १०५ अंशांचे आणि कमी ईएसआरचे (आतला रोध कमी असलेले) असावेत, व्होल्ट मूळच्याइतके किंवा थोडे अधिक.

१९९० च्या दशकातील बोर्डांवर सेलऐवजी निळ्या किंवा हिरव्या रंगाची, बोर्डालाच डाख दिलेली पुनर्भारित बॅटरी असे. ती गळते आणि आसपासच्या बारीक वाटा खाऊन टाकते. तिच्याभोवती हिरवट-पांढरी बुरशीसारखी भुकटी दिसली तर बोर्ड दुकानातच राहू द्यावा.

डॉसच्या यंत्रासाठी साधा जुना बोर्ड शोधण्याऐवजी आयएसए स्लॉट असलेले औद्योगिक संगणक पाहावेत. ते महाग असतात, पण कारखान्याचा एक दिवस बुडण्याच्या मानाने स्वस्तच पडतात.

डिस्क आणि फ्लॉपी: येथे जुने घेण्याचा हट्ट नको

वापरलेली आयडीई (रुंद पट्टीच्या केबलची, जुन्या प्रकारची) डिस्क ही मी केवळ तात्पुरती सोय समजतो. घ्यायचीच असेल तर दुकानातच क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये तिची स्मार्ट माहिती, म्हणजे डिस्कने स्वतःच्या प्रकृतीची ठेवलेली नोंद, पाहावी. खराब जागांचा हिशेब देणाऱ्या ०५ आणि सी५ या दोन ओळींतील कच्चा आकडा शून्य असावा. सी७ चा आकडा वाढलेला असेल तर दोष बहुधा केबलचा असतो, आणि ८० तारांची नवी केबल लावली की प्रश्न सुटतो. चालू तास संशयास्पद कमी दिसले, डिस्कचा पत्रा मात्र घासलेला असला, तर आकडे पुसलेले आहेत असे समजावे.

त्यापेक्षा चांगला मार्ग म्हणजे आयडीईला सीएफ (कॉम्पॅक्टफ्लॅश) मेमरी कार्ड लावणारा अडॅप्टर, किंवा आयडीई-साटा परिवर्तक आणि लहान एसएसडी. डॉसला सीएफ कार्ड सहज मानवते. एक्सपीसाठी मात्र स्वतःला कायमची डिस्क म्हणवणारे औद्योगिक प्रतीचे कार्ड लागते. कॅमेऱ्याचे कार्ड एक्सपीला काढता येण्याजोगी वस्तू वाटते आणि मग तक्रारी सुरू होतात. एसएसडी घेतल्यास तिचे विभाजन नव्या संगणकावर करून घ्यावे, कारण एक्सपी पहिला विभाग ६३ व्या सेक्टरपासून सुरू करते आणि ते एसएसडीच्या रचनेशी जुळत नाही. जुन्या बायोसला १३७ जीबीच्या पलीकडचे दिसत नाही, त्याहून जुन्यांना ३२ किंवा ८ जीबीच्या पलीकडचेही नाही, त्यामुळे मोठी डिस्क घेऊन उपयोग नसतो.

फ्लॉपी ड्राइव्हच्या जागी बसणारा, पेनड्राइव्ह वाचणारा गोटेकसारखा एम्युलेटर मिळतो. भरतकामाच्या आणि सीएनसी यंत्रांवर तो सर्रास लावतात. फ्लॉपी शोधण्यात आता वेळ घालवू नये.

लॉक आणि पोर्ट

एक चूक मी स्वतः केली आहे. बोर्डावरचा पॅरलल पोर्ट गेला तेव्हा दुकानदाराने यूएसबीची प्रिंटर केबल पुढे केली आणि "सगळे चालते" असे सांगितले. मी ती घेतली. प्रिंटर चालला, लॉक मात्र दिसेना. अशी केबल संगणकाला पोर्ट देत नाही, प्रिंटर देते. लॉकला मात्र खराखुरा पोर्ट हवा असतो. पीसीआय कार्डावरचा पोर्ट त्या मानाने बरा, पण त्याला ३७८ हा जुना पत्ता सहसा मिळत नाही, त्यामुळे डॉसमधील काही प्रणाली त्याला ओळखत नाहीत. एक्सपीवर तो चालण्याची शक्यता अधिक असते, तरीही परत घेण्याच्या अटीवरच घ्यावा.

पोर्ट का जातो, हेही सांगायला हवे. संगणक आणि प्रिंटर वेगवेगळ्या प्लगांवर, त्यातील एकाला अर्थिंग नाही, आणि चालू असतानाच कोणी तरी केबल काढून लावतो: बहुतेक पोर्ट असेच मेलेले असतात. नवा भाग लावण्यापूर्वी वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्यावे, नाही तर तोही त्याच वाटेने जाईल.

बाजारात

मुंबईत ग्रँट रोडजवळचा लॅमिंग्टन रोड, म्हणजे पाटीवरचा डॉ. भडकमकर मार्ग, हे पहिले ठिकाण. पुण्यात बुधवार पेठेतील तपकीर गल्ली आणि रविवारी व बुधवारी भरणारा जुना बाजार. बाहेर दिल्लीचे नेहरू प्लेस, बंगळूरचा एस. पी. रोड, चेन्नईची रिची स्ट्रीट. मोठ्या दुकानांपेक्षा वरच्या मजल्यावरच्या दुरुस्तीच्या खोल्यांत अधिक माल असतो. तेथे जाताना बिघडलेला भाग बरोबर न्यावा. वर्णन करण्यापेक्षा दाखवणे सोपे पडते. मात्र "यंत्र बंद पडले आहे, काम अडले आहे" हे सांगू नये. त्या वाक्याचीही किंमत लागते.

मालाविषयी बोलताना शब्द नीट ऐकावेत. "चालू कंडिशन" म्हणजे त्याने कधी तरी चालताना पाहिला आहे. "टेस्टिंग वॉरंटी" म्हणजे ठरलेल्या दिवसांत परत घेईल, आणि ते दिवस बिलावर लिहून घेतले तरच त्याला अर्थ. "कंपनीतून काढलेला" हा शब्द बोर्डासाठी चांगला समजावा, डिस्कसाठी नाही, कारण कार्यालयातील डिस्क वर्षानुवर्षे रात्रंदिवस फिरलेली असते. "नवा" म्हणून मिळणारे जी४१ आणि एच६१ चे बरेचसे बोर्ड जुन्या बोर्डांवरून काढलेला चिपसेट नव्या पट्टीवर बसवून केलेले असतात. ते चालतात, पण त्यांना मूळ कंपनीच्या बोर्डाचा भाव देऊ नये.

ई-कचऱ्याचे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले असून कार्यालयांनी टाकाऊ संगणक नोंदणीकृत पुनर्चक्रण केंद्राकडे देणे अपेक्षित आहे. म्हणून मोठा लॉट घेताना तो कोठून आला ते विचारावे आणि पावती घ्यावी. वापरलेली डिस्क घेतली तर तिच्यावर दुसऱ्या कोणाची तरी कागदपत्रे असू शकतात. ती न चाळता सबंध डिस्कवर शून्ये लिहून टाकावीत.

घरी आणल्यावर

बोर्ड आणला की तो लाकडी टेबलावर किंवा पुठ्ठ्यावर ठेवावा. ज्या चंदेरी पिशवीतून आणला तिच्यावर ठेवून चालू करू नये, कारण तिची बाहेरची बाजू वीजवाहक असू शकते. प्रथम फक्त प्रोसेसर, एक रॅम आणि एसएमपीएस लावून डिस्प्ले येतो का पाहावे, मग एकेक वस्तू वाढवावी. थर्मल पेस्ट नवी लावावी आणि जुनी आयसोप्रोपाइल अल्कोहोलने पुसावी. टेस्टिंग वॉरंटीचे दिवस संपण्याआधी यंत्र निदान आठ तास सलग आणि खऱ्या कामावर चालवावे. एक्सपीचे यंत्र इंटरनेटला जोडू नये, आणि त्यात जाणारा पेनड्राइव्ह आधी दुसऱ्या संगणकावर तपासून घ्यावा.

चाचणी झालेल्या भागावर तारीख, कोठून घेतला आणि कशावर चालला हे लिहिलेली चिठ्ठी बांधावी. मग तो अँटिस्टॅटिक पिशवीत, सिलिका जेलच्या पुडीसह, झाकणाच्या डब्यात ठेवावा. वर्तमानपत्रात गुंडाळून माळ्यावर ठेवलेल्या बोर्डाचा पावसाळ्यात काय कोळसा होतो हे कोकणातल्या वाचकांना सांगायला नको. सेल काढून वेगळा ठेवावा.

एवढे करूनही सुटे भाग पडून पडून खराब होतात. इलेक्ट्रोलाइटिक कॅपॅसिटर न वापरता वर्षानुवर्षे ठेवले तर कमकुवत होतात, आणि फिरत्या डिस्कचे हेड चिकटू शकते. म्हणून राखीव यंत्र वर्षातून दोनदा तासभर चालवून पाहावे. तारखा लक्षात राहत नाहीत, त्यावर मामांनी तोडगा काढला आहे: पाडव्याला एकदा आणि खंडेनवमीला एकदा. खंडेनवमीला छपाईयंत्रे पुसून, हार घालून पूजा होतेच, तेव्हा राखीव पेंटियमही टेबलावर येतो, त्यालाही कुंकू लागते, आणि गेल्या वर्षीची एक पावती त्यावर उघडून, लॉक लावून, प्रत्यक्ष छापून पाहिली जाते.